अनारकुल एजेंची पंचाऐंशीची लेन्स

सरोवराजवळच्या आमच्या काराकोल गावात, बाजारामागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे आणि त्याला लागूनच अनारकुल एजेंचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत फळ्यांची. माझ्या मशीनची खडखड त्यांना ऐकू जाते आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची भोकाड पसरणारी पोरं मला. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. पण अनारकुल एजेंना त्यांच्याहून मोठ्या बायकाही एजेच म्हणायच्या. गावातल्या कितीतरी घरांत भिंतीवरचा फोटो त्यांनी काढलेला. जिनं आपल्याला ‘हनुवटी खाली, श्वास सोड, आता माझ्याकडे बघ’ असं दरडावलंय, तिला नुसत्या नावानं हाक मारायला जीभ रेटत नाही.

सोव्हिएत काळात त्या सरकारी फोटोघरात कामाला लागल्या. पुढं ते फोटोघर बंद पडलं तेव्हा तिथलं कॅमेऱ्याचं तिकाटणं, करडा पडदा आणि पंचाऐंशी मिलिमीटरची एक काळी, जड लेन्स एवढं त्या घरी घेऊन आल्या. त्यांचा नवरा ट्रक चालवायचा. तो बूमच्या घाटात अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर फिल्म गेली, कॅमेरे बदलले, पण दरवेळी त्या बाजारातून एक जोडकडी आणून तीच जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवत. अख्ख्या कुटुंबासाठी पन्नासची आणि एकट्या माणसाच्या चेहऱ्यासाठी ही पंचाऐंशीची. तिसरी लेन्स त्यांनी कधी घेतली नाही. जवळ-लांब होणाऱ्या झूमचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, “देवानं पाय दिलेत ना? एक पाऊल पुढं टाकलं की माणूस जवळ येतो.”

त्या लेन्सला आपोआप फोकस होत नाही. कडी हातानं फिरवायची, डोळ्यात धार आली की थांबायचं. एजेंचा नियम होता: फोकस बुबुळावर. पापणीवर नाही, भुवईवर तर नाहीच.

मार्च महिन्यात एके दिवशी कुबात त्यांच्याकडे आला. कुबात काळ्या दगडावर मेलेल्या माणसांचे चेहरे कोरतो. आमच्या कब्रस्तानात प्रत्येक दगडावर चेहरा असतो, आणि अलीकडच्या बहुतेक चेहऱ्यांना कुबातचा हात लागलेला आहे. माणूस मोठा आदबशीर. एखादी गोष्ट सरळ बोलायची नसली की तो आधी हवापाण्याबद्दल बोलतो. त्या दिवशी तो बर्फाबद्दल बोलला, बटाट्याबद्दल बोलला, माझ्या दुकानात येऊन माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचीही चौकशी करून गेला. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मीही शिवत असलेला चापान, म्हणजे लांब कोट, बाजूला ठेवून त्याच्या मागोमाग स्टुडिओत गेले.

त्यानं पिशवीतून एक मोठा केलेला फोटो काढला. सादिर डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे गुरांचे. हिवाळ्यात ते वारले होते. त्यांच्या सत्तरीच्या मेजवानीत एजेंनी हा फोटो काढला होता आणि घरच्यांनी तोच दगडासाठी दिला होता.

“एजे, फोटो फार सुरेख आहे,” कुबात म्हणाला. “कान तर असा आलाय की त्यातले केस मोजून घ्यावेत.”

“आणि?”

“कल्पाकवरचं भरतकामही अगदी टाका न् टाका.”

“कुबात, मी टोपीवाली आहे का? पुढं बोल.”

“डोळे नाहीत, एजे. म्हणजे आहेत, पण कोरायला गेलो तर छिन्नी कुठं टेकवू ते कळत नाही. लहान असताना लक्षात येत नव्हतं. मोठा केला आणि धुकं दिसलं.”

एजेंनी फोटो हातात घेतला. खिडकीशी नेला. जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे दिला.

“गुलसून, तू बघ. तुला काय दिसतं?”

“कान छान आहे,” मी म्हणाले. “डोळे धुरकट आहेत.”

त्यांनी संगणक लावला आणि त्या मेजवानीतले सगळे फोटो एकेक करून मोठे केले. आम्ही दोघं मागं उभे राहून बघत होतो. एकात कॉलर स्पष्ट, एकात मागच्या बाईचं कानातलं स्पष्ट. डॉक्टरांच्या डोळ्यांवर जणू कुणी ओला हात फिरवलेला. त्या मेजवानीत डॉक्टर किती हसले होते ते मला आठवत होतं. फोटोत ते हसू होतं, नजर नव्हती.

शेवटी एजेंनी कपाटातून जुन्या निगेटिव्ह काढल्या आणि डॉक्टरांचा वीस-एक वर्षांपूर्वीचा फोटो शोधला. काळ्या मिशा, करारी डोळे, एकेक पापणी वेगळी. तो घेऊन त्या स्वतः डॉक्टरांच्या बायकोकडे, तुर्सुनायकडे गेल्या. मीही बरोबर होते. एजेंनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, “माझ्याकडून शेवटचा फोटो बिघडला. हा जुना आहे. चालेल का, तुम्ही सांगा.”

तुर्सुनायनं फोटो मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “चालायला काय झालं? हासुद्धा माझाच नवरा होता. आणि हा तर मला जास्त भ्यायचा.”

आम्ही हसलो, चहा प्यायलो, तळलेले बोरसोक खाल्ले. पण परतताना एजे स्टुडिओच्या दाराशी आल्यावर म्हणाल्या, “लेन्स गेली गं. म्हातारी झाली. आतून झिजली असणार.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत लेन्सचीच चर्चा. ज्याला कॅमेरा कुठून धरतात हे ठाऊक नाही तोही सल्ला देऊ लागला. सगळ्यांत जास्त आवाज सामातचा. सामात एजेंच्याच हाताखाली शिकला. आता मुख्य रस्त्यावर त्याचा काचेचा स्टुडिओ आहे आणि लग्नांची बहुतेक कामं तोच करतो. त्याच्याकडेही पंचाऐंशीची लेन्स होती, पण नवी, वांग्याएवढी जाड, माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर स्वतः फोकस करणारी.

“एजे, तुमची ती लेन्स म्युझियमला देऊन टाका,” तो म्हणाला. “खाली पाटी लावतील. ‘हिनं आपल्या आजोबांना घाबरवलं.’”

“तू घाबरत होतास, आजोबा नाही. पहिल्या दिवशी कॅप काढायला विसरलास.”

“ते गावभर सांगून झालंय तुमचं. हे घ्या. रविवारच्या मेजवानीला माझी वापरून बघा. आवडली तर नवी घ्या, नाही आवडली तर मला शिव्या द्या.”

“शिव्या द्यायला मला लेन्स कशाला लागते?” असं म्हणत एजेंनी ती घेतली.

रविवारी एका मुलीची सासरी पाठवणी होती. सोमवारी एजेंनी मला बोलावून फोटो दाखवले. प्रत्येक चेहऱ्याचे डोळे असे लख्ख की त्यांत खिडकीची चौकट दिसावी. मी म्हणाले, “वा!” एजे म्हणाल्या, “डोळे आलेत. कान कुठं गेले?” खरंच, डोळ्यामागं सगळं विरघळलं होतं. मागचे डोंगर तर सांडलेल्या दुधासारखे दिसत होते. “जरा तोंड आवळायला सांगितलं पाहिजे हिला,” त्या म्हणाल्या. म्हणजे लेन्सचं भोक लहान करून वापरायला हवं, असा त्याचा अर्थ. पण मुलीच्या आईनं फोटो पाहिले आणि एजेंना मिठीच मारली. म्हणाली, “एजे, इतके सुंदर फोटो तुम्ही कधीच काढले नव्हते.”

हे शेवटचं वाक्य एजेंना लागलं. लागलं, पण पटलंही. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, राजधानीत, बिश्केकला जाऊन नवी लेन्स घ्यायची. पैसे बाजूला टाकलेले होतेच. जुनी दुरुस्त होत असेल तर बघायचं, नाहीतर विकून टाकायची. मलाही दोर्दोईच्या बाजारातून अस्तराचं कापड आणायचं होतं. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, बालिक्चीला गाडी थांबली तेव्हा एजेंनी धुरी दिलेला मासा घेतला आणि काटे काढायचं काम माझ्यावर टाकलं. “तुझी बोटं सुईची आहेत, तू काढ,” म्हणाल्या. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

बिश्केकमध्ये कॅमेरे दुरुस्त करणारा एक कोरियन म्हातारा आहे, गेर्मान त्सोय. एका जुन्या इमारतीच्या तळघरात बसतो. त्यानं लेन्स उजेडात धरली, कडी फिरवली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. मग कॅमेऱ्याला लावून तिकाटण्यावर चढवली, समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान टाचलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर अक्षरं मोठी करून फोकस केला. फोटो काढून आम्हाला दाखवला. निधनवार्तांचं पान होतं. सगळ्यात बारीक ओळही वाचता येत होती.

“ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “थोडी धूळ आहे, पण धूळ माझ्यातही आहे. झिजलीबिजली काही नाही.”

“शक्यच नाही,” एजे म्हणाल्या.

“बरं. आता तुम्ही करा. नेहमी करता तसं, डोळा लावून.”

एजेंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. कडी फिरवली, थोडी मागं घेतली, पुन्हा पुढं. बटण दाबलं. त्सोयनं फोटो पाहिला आणि माझ्याकडे केला. मथळा कसाबसा लागत होता, बाकी सगळ्या मुंग्या.

“बाई,” त्सोयनं हळूच विचारलं, “अंधार पडल्यावर समोरून गाडी आली की तिचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का? भोवती किरणं-किरणं?”

“दिव्यांना किरणं असतातच.”

“माझ्या सासूचंही हेच म्हणणं होतं. मोतीबिंदू निघाला.”

एजेंनी झटक्यात लेन्स काढून पिशवीत टाकली. “मी लेन्स दाखवायला आले होते, डोळे नाही,” म्हणाल्या आणि पायऱ्या चढून रस्त्यावर आल्या. मी त्सोयचे आभार मानून मागं धावले. “एजे, ऐकून तरी घ्या,” म्हटलं तर म्हणाल्या, “ऐकलं. चल दुकानात.”

दुकान मोठं होतं, काचेच्या कपाटांत लेन्स दागिन्यांसारख्या मांडलेल्या. विकणारा पोरगा चुणचुणीत होता. त्यानं सामातकडे होती तशीच लेन्स काढली, एका कॅमेऱ्याला लावली आणि एजेंच्या हातात दिली. “एजे, ही जादू आहे. माणूस चालत असू दे, वळत असू दे, ही डोळा सोडत नाही. मावळतीच्या उजेडातही नाही. फक्त बटण दाबायचं. तुम्हाला बघायचीसुद्धा गरज नाही.”

एजेंनी कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, माझ्याकडे रोखून. आत लेन्सची बारीक गुरगुर ऐकू आली. मी उगाच केस सारखे केले. बटण काही दाबलं गेलं नाही. त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

“बघायची गरज नाही?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नाही!” पोरगा खुशीत म्हणाला.

“मग मी तिथं उभी कशाला राहू?”

 एजेंनी कॅमेरा जपून काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, “रागावू नकोस बाळा. माल चांगला आहे तुझा.” बाहेर आल्यावर त्या थोडा वेळ चिनाराच्या झाडाखालच्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, “ही घेतली तर कुणाला कधीच कळणार नाही, गुलसून. तुला, सामातला, कुबातला, कुणालाही नाही. फोटो येत राहतील.” मग म्हणाल्या, “गेल्या हिवाळ्यापासून मला सुईत दोरा दिसत नाही. मी म्हटलं, दोरे आता बारीक यायला लागलेत.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. आणि एजे कॅमेऱ्याला नेहमी उजवाच डोळा लावत.

“आधी उजवा करू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आतली गढूळ लेन्स काढायची आणि नवी बसवायची. तिचे दोन प्रकार आहेत. एक, एकाच अंतराची. लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल. दुसरी, जवळचं-लांबचं सगळं दाखवणारी. चष्म्याची कटकट नाही. हल्ली लोक तीच मागतात.”

एजे खुर्चीत पुढं सरकल्या. आदल्या दिवसापासून गेलेला त्यांचा जुना आवाज परत आला. “त्या दुसरीत काळ्यापांढऱ्याची धार तेवढीच राहते का?”

“थोडी कमी होते.”

“आणि उजेडाकडे तोंड केलं तर? चमक पसरते का?”

“काहींना दिव्याभोवती वलयं दिसतात.”

“म्हणजे झूमच की.”

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. “तुम्ही काय करता, एजे? इथं येणारे एक तर दुखेल का विचारतात, नाहीतर किंमत.”

“चेहरे बघते,” एजे म्हणाल्या. “एकाच अंतराची बसवा. जवळचं बघायला चष्मा लावीन, नाहीतर पाय आहेतच.”

लेन्ससाठी साठवलेले पैसे असे लेन्सलाच गेले, असं मी नंतर गंमतीनं म्हणाले. तर त्या म्हणाल्या, “आणि ह्या लेन्सला जोडकडी लागली नाही.”

आम्ही माझ्या मावसबहिणीकडे राहिलो. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभी होते. एजेंनी डोळ्याची उघडझाप केली, माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी आशीर्वादाचं बोलतील.

“गुलसून, तुला मिशी आहे!”

“एजे!”

“कधीपासून गं?”

“कायमची! दवाखान्यात ओरडून सांगायला हवं का?”

मग त्यांनी एक खेळ सुरू केला. उजवा डोळा झाकायचा, खिडकीकडे बघायचं. डावा झाकायचा, पुन्हा बघायचं. “ह्या डोळ्यानं भिंत पांढरी आहे,” म्हणाल्या. “ह्या डोळ्यानं तिच्यावर चहा सांडलाय. मी इतकी वर्षं चहातून बघत होते?” मावसबहिणीच्या घरातल्या उश्या, ताटं, माझा स्कार्फ, सगळं त्यांनी असं तपासलं. माझा स्कार्फ करडा नसून जांभळा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. तो त्यांनीच मला भेट दिला होता.

काराकोलला परतल्यावर त्यांनी स्टुडिओचं कुलूप काढलं आणि दारातच थबकल्या. मी पिशव्या घेऊन मागं.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“ह्या भिंतीवरच्या लोकांना काय झालंय? थंडीत मेल्यासारखे निळे का पडलेत?”

गेल्या तीन-चार वर्षांतले फोटो एका भिंतीवर होते. नीट पाहिलं तर खरंच, गालांवर निळसर छटा होती. एजेंच्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसत होतं, म्हणून त्या संगणकावर पिवळं काढत गेल्या, निळं घालत गेल्या, त्यांना चेहरा चेहऱ्यासारखा दिसेपर्यंत. मला कधीच काही वाटलं नव्हतं. रोज बघितलं की डोळा सरावतो. मी म्हटलं, कदाचित शाईच तशी असेल.

त्यांनी तडक सामातला बोलावलं. तो आला, भिंत पाहिली, मान खाजवली.

“तुला दिसत होतं का हे?”

“दिसत होतं, एजे.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“मला वाटलं, तुमची नवी स्टाइल आहे.” तो घुटमळला. “मीसुद्धा तसंच करायला लागलो.”

“काय?”

“दोन वर्षं झाली. लोकांना आवडतं. आता तर तिकडं बालिक्चीचेही तसंच करतात.”

एजे स्टुलावर बसल्या आणि तोंडावर हात धरून हसू लागल्या. इतक्या हसल्या की डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर ताण देऊ नका म्हटलेलं मला आठवलं आणि मी त्यांना गप्प करायला गेले, तर मलाच हसू आवरेना. सरोवराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नवऱ्या मुली निळ्या पडल्या होत्या, एका मोतीबिंदूपायी.

हसणं ओसरलं तशा त्या गंभीर झाल्या. सादिर डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण माझ्या लक्षात आलं. रंग परत नीट करता येतो, धार परत आणता येत नाही. त्यांनी बाजारात निरोप दिला की त्या वर्षांतला फोटो ज्याला पुन्हा छापून हवा त्यानं यावं, आणि ज्याचा चेहरा धुरकट आला असेल त्यानं पुन्हा बसावं. थोडे आले. बरेच आले नाहीत. एका बाईनं तर साफ सांगितलं, “एजे, त्या निळ्या फोटोत माझी सासू शांत दिसते. तांबूस केलीत तर पुन्हा भांडायला उठायची.”

जी माणसं आता नव्हती त्यांच्या घरी एजे स्वतः गेल्या. माफी मागितली, जुनं काही सापडलं तर दिलं. काही ठिकाणी सापडलं नाही. 

उन्हाळ्यात डावा डोळाही झाला. त्यानंतर सामातनं आपली जाड लेन्स पुन्हा पुढं केली. एजे म्हणाल्या, “तिच्याआधी तुझ्याकडे हलकी होती ना, साधी, आपोआप फोकसवाली? ती काय करतोस?”

“कपाटात पडलीय.”

“ती दे. मेजवानीत लोक नाचतात तेव्हा कडी फिरवत बसायला माझं मनगट आता पुरत नाही. स्टुडिओत जुनी, बाहेर ही.”

“जाड नको? डोंगर विरघळतील, एजे.”

“डोंगर राहू देत. ते कुणाच्या तरी घरामागचे असतात.”

सामातनं ती लेन्स आणून दिली. लेन्स घेण्याचा प्रश्न असा सुटला. गल्लीतल्या सल्लागारांना जरा निराशाच झाली, कारण त्यांचा एकही सल्ला ऐकला गेला नव्हता.

पुन्हा फोटो काढायच्या लोकांत कालिपा अपा होत्या; अपा म्हणजे आईच्या वयाची बाई. गावाबाहेर जर्दाळूच्या बागेत राहतात, ऐंशीच्या पुढच्या. सप्टेंबरात आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. अपांनी पांढरा एलेचेक डोक्याला गुंडाळला, ओसरीवर बसल्या आणि कुरकुर सुरू केली.

“पहिल्यात काय वाईट होतं? तेव्हा मी जाड तरी होते.”

“डोळे नीट आले नव्हते, अपा.”

“माझे डोळे नीट आहेतच कुठं? मला तुम्ही दोघी दोन पोती ठेवल्यासारख्या दिसता.”

एजेंनी कॅमेरा लावला होता, कडी फिरवत होत्या. त्यांचं बोट थांबलं. कॅमेरा बाजूला ठेवून त्या अपांच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला. बुबुळाच्या मधोमध राखेसारखा करडेपणा होता. मलाही दिसला.

“अपा, रात्री दिव्याभोवती किरणं दिसतात?”

“दिव्याला किरणं असतातच की.”

एजे माझ्याकडे वळल्या. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आजही सांगता येत नाही. हसतही होत्या आणि नव्हत्याही. “फोटो आज नाही,” त्या म्हणाल्या. “आधी मी तुम्हाला कुठंतरी नेणार आहे.”

अपांनी पुष्कळ आदळआपट केली. मरायच्या वयात डोळे कशाला, दह्याचे कुरुत कोण वाळवेल, कोंबड्यांकडे कोण बघेल. एजेंनी प्रत्येकाला उत्तर दिलं. कोंबड्यांकडे मी बघेन हेही माझ्या वतीनं सांगून टाकलं, आणि मला ते करावं लागलं. बिश्केकच्या त्याच दवाखान्यात त्या अपांना घेऊन गेल्या. त्यानंतर आजवर आणखी काही जणांना त्यांनी तिथं पाठवलंय. दिवसभर लोकांच्या बुबुळांकडेच बघण्याचा धंदा, नजर त्यावर जाणारच. कुणाच्या डोळ्यात काही दिसलं तर त्या फोटोच काढत नाहीत, आधी दवाखाना म्हणतात. गिऱ्हाइकं वैतागतात.

पहिला बर्फ पडायच्या आधी अपा स्वतः चालत स्टुडिओत आल्या. एजेंनी त्यांना खिडकीशी बसवलं. मी फळ्यांच्या भिंतीपलीकडून ऐकत होते: हनुवटी खाली, श्वास सोडा, आता माझ्याकडे बघा.  छापलेला फोटो अपांच्या हातात दिला तेव्हा मी तिथं गेले. डोळे दोन्ही लख्ख होते, त्यांच्या कडेच्या सुरकुत्या, पापण्यांचे पांढरे केस, सगळं.

अपांनी फोटो तिरपा केला, सरळ केला, हाताच्या अंतरावर धरला.

“एवढी रागीट आहे मी?” त्यांनी विचारलं.

“नाही हो, अपा.”

“मग असं काय बघतेय? हसायला हवं होतं मी. परत काढ.”

त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या, एलेचेक सारखा केला, आणि एजेंनी कॅमेरा उचलला.